पायी पाहावयाचे बडोदे



शाळेतून घरी आणि घरून बाजारात जाताना ज्या रस्त्यांवरून आपण रोज चालतो, त्यांचा इतिहास क्रमिक पुस्तकांत सहसा सापडत नाही. पुस्तकांत राजे असतात, लढाया असतात, तहांची कलमे असतात. परंतु मांडवीच्या आसपासच्या गल्ल्यांत कोण कोठून येऊन राहिले, त्यांनी बरोबर काय आणले आणि त्यांना राहावयास जागा कोणी दिली, हा इतिहास त्या गल्ल्यांतच लिहिलेला असतो. तो वाचावयाचा तर पायीच गेले पाहिजे. वाहनातून पाहणाऱ्यास इमारती दिसतात. पायी चालणाऱ्यास माणसे दिसतात.

जाणत्या मार्गदर्शकाबरोबर शहराचा जुना भाग पायी पाहण्याची प्रथा आता अनेक नगरांत रुजली आहे. आपल्या शेजारच्या अहमदाबादेत तेथील महानगरपालिकेने १९९७ साली अशी नगरफेरी सुरू केली. काळुपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघावयाचे आणि पोळीपोळीतून वाट काढीत जुम्मा मशिदीपाशी पोहोचावयाचे, असा तिचा मार्ग. पुढे २०१७ साली अहमदाबादच्या जुन्या नगरास जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली. आपले बडोदेही अशा नगरफेरीस सर्वथा योग्य आहे. ती कशी करावी, वाटेत काय पाहावे आणि पाहून काय समजून घ्यावे, हे ह्या लेखात सांगावयाचे आहे.

निघण्यापूर्वी

दहा-पंधरा जणांचाच गट असावा. त्याहून मोठा गट अरुंद गल्लीत मावत नाही आणि मागच्यांस काही ऐकू येत नाही. वेळ सकाळची असावी. बरोबर वही, पेन्सिल आणि पाणी असावे. मार्गदर्शक शक्य तर त्या भागातच वाढलेला असावा; कारण कोणत्या घराचे दार वाजवावे आणि कोणत्या ओट्यावर बसण्याची परवानगी मागावी, हे त्यालाच ठाऊक असते. मंदिरात, मशिदीत अथवा कोणाच्या घरात जाण्यापूर्वी विचारावे, आणि तेथील रीत पाळावी. आपण लोकांच्या दारात जात आहोत, प्रदर्शनात नव्हे, ह्याचा विसर पडू देऊ नये.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मनाशी तीन प्रश्न घेऊन निघावे. येथे कोण आले? कशासाठी आले? आणि त्यांना जागा कोणी दिली? प्रत्येक मुक्कामावर हे तीन प्रश्न विचारीत गेल्यास शहर आपोआप बोलू लागते.

चार दरवाजांच्या आत

बडोद्याची मूळ वस्ती मांडवीपाशी नव्हती. विश्वामित्रीच्या पलीकडे अंकोट्टक नावाचे गाव होते. तेच आजचे अकोटा. राष्ट्रकूट राजवटीतील इ. स. ८१२ च्या एका ताम्रपटात वटपद्रक ह्या गावाचे दान दिल्याचा उल्लेख आहे. त्या काळी ते अंकोट्टकाच्या चौऱ्यांशी गावांपैकी एक लहानसे खेडे होते. वड ह्या झाडावरून पडलेले हेच नाव पुढे वडोदरा व बडोदे झाले. मोठे गाव लहान झाले आणि खेड्याचे नगर झाले, ही गोष्ट प्रारंभीच लक्षात ठेवण्याजोगी आहे.

सोळाव्या शतकाच्या आरंभी गुजरातच्या सुलतानांच्या काळात येथे तटबंदीचे चौकोनी नगर वसले. त्याला चार दिशांस चार दरवाजे होते : पश्चिमेस लहेरीपुरा, पूर्वेस पाणीगेट, उत्तरेस चांपानेर आणि दक्षिणेस गेंडीगेट. चारही दरवाजांतून येणारे सरळ रस्ते जेथे मिळतात, तेथे मांडवीची इमारत उभी आहे. नगरफेरीचा आरंभ येथूनच करावा. मांडवी हा शब्द मराठीतही जकातीच्या ठाण्यासाठी वापरला जात असे. मुंबईतही ह्या नावाचा भाग आहे. चौफेर कमानींच्या ह्या इमारतीखाली उभे राहून चारही रस्त्यांकडे एकदा पाहावे. माल आणि माणसे ह्याच चार वाटांनी आत आली.

मांडवीच्या परिसरात थोड्याच पावलांच्या अंतरात जुम्मा मशीद आहे आणि विठ्ठलाचे मंदिरही आहे. मशिदीत हाताने लिहिलेली कुराणाची एक अतिशय मोठी प्रत जतन केलेली आहे. विठ्ठलमंदिरातून आषाढी व कार्तिकी एकादशीस देवाची मिरवणूक निघते. बडोद्यात तिला वरघोडा म्हणतात. पंढरीचा देव गुजरातच्या बाजारपेठेत कसा आला, हा प्रश्न मुलांनी येथे अवश्य विचारावा. त्याचे उत्तर गायकवाडांच्या इतिहासात आहे. पुणे प्रांतातील दावडी गावचे हे घराणे. पिलाजीराव गायकवाडांनी गुजरातेत पाय रोवले. १७३२ साली डाकोर येथे त्यांचा खून झाला. आणि १७३४ साली त्यांचे बंधू महादजी यांनी बडोदे घेतले. त्या वेळेपासून १९४९ सालापर्यंत ते गायकवाडांकडे राहिले. त्यांच्यामागून शिलेदार आले, कारकून आले, भिक्षुक आले, कीर्तनकार आले, आणि त्यांच्यामागून विठोबा आला.

तथापि मराठ्यांच्या आधी येथे काहीच नव्हते असे समजणे चुकीचे होईल. गुजराती भाषेचे थोर आख्यानकवी प्रेमानंद सतराव्या शतकात ह्याच नगरात राहत. तांब्याच्या मोठ्या घागरीवर अंगठ्या घातलेल्या बोटांनी ताल धरून आख्यान गाणाऱ्यास माणभट्ट म्हणत. प्रेमानंद हे त्यांतील शिरोमणी. नळाची कथा, नरसी मेहत्याच्या कन्येची कथा लोकांनी त्यांच्या तोंडून ऐकली. आपल्या कीर्तनकारांनी वीणा व झांजा घेऊन येथे पाऊल ठेवले, त्याच्या आधीच कथा ऐकण्याची सवय ह्या नगरास लागलेली होती.

पोळ आणि वाडा

मांडवीवरून लहेरीपुऱ्याकडे चालू लागले की दोन्ही बाजूंस पोळींची तोंडे दिसतात. पोळ हा शब्द संस्कृत 'प्रतोली' म्हणजे वेस ह्या शब्दापासून आला. एकच वेस, आत वाकडीतिकडी गल्ली, दोहों बाजूंस भिंतीला भिंत लागलेली घरे, अशी तिची रचना असते. घराचे तोंड अरुंद असते, पण खोली पुष्कळ. पुढे ओटा, आत चौक, चौकाखाली पावसाचे पाणी साठविण्याचे टाके. गल्लीत कोठेतरी पक्ष्यांना दाणे टाकण्यासाठी खांबावर उभारलेला चबुतरा. एका पोळीत बहुधा एका जातीची वा एका धंद्याची माणसे राहत. त्यामुळे संकटात आधार मिळे. परंतु वेशीच्या बाहेरचा तो बाहेरचाच राही. पोळीची वेस पाहताना तिच्या ह्या दोन्ही बाजू ध्यानात घ्याव्यात.

नरसिंहजींच्या पोळीत नरसिंहजींचे मंदिर आहे. देवदिवाळीस तेथून देवाची वरात निघते आणि तुळशीवाडीत तुळशीबरोबर देवाचे लग्न लागते. रस्त्याच्या दुतर्फा त्या रात्री सर्व भाषांची माणसे उभी असतात.

आता पोळीतील घराशेजारी मराठी वाडा मनात उभा करून पाहा. त्यासाठी पुढे रावपुरा व दांडिया बाजार ह्या भागातील तांबेकरवाड्यात जावे. विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर हे १८४९ ते १८५४ ह्या काळात बडोद्याचे दिवाण होते. त्यांचा हा चौमजली लाकडी वाडा आता भारतीय पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहे. आतील भिंतींवर एकोणिसाव्या शतकातील शेकडो चित्रे आहेत. कृष्णलीला आहेत, महाभारतातील प्रसंग आहेत, आणि मराठे व इंग्रज यांच्या लढाईचे दृश्यही आहे. चित्रांतील स्त्रियांची लुगडी, पुरुषांच्या पगड्या आणि गोऱ्या सैनिकांच्या टोप्या नीट न्याहाळाव्या. पोशाखावरून कोण कोठचा हे चित्रकाराने किती बारकाईने टिपले आहे, ते पाहून आश्चर्य वाटते.

सुरांचे आणि मल्लांचे घराणे

लहेरीपुरा दरवाजातून बाहेर पडले की समोर न्यायमंदिर दिसते. १८९६ साली पुरी झालेली ही इमारत मुळात भाजीबाजारासाठी योजिली होती, परंतु तिच्यात न्यायालय बसले. २०१८ साली न्यायालये नव्या संकुलात गेली. तेथून जवळच सुरसागर तलाव, आणि त्याच्या काठी संगीताचे महाविद्यालय. येथे आपले तीन प्रश्न पुन्हा विचारावे.

उस्ताद मौलाबक्ष हे उत्तर हिंदुस्थानातून निघाले, दक्षिणेत म्हैसूरला राहून त्यांनी कर्नाटक संगीताचे मर्म आत्मसात केले, आणि अखेर बडोद्यास स्थिरावले. महाराज सयाजीराव तिसरे यांच्या आश्रयाने १८८६ साली त्यांनी येथे गायनशाळा चालविली. तोवर गाणे हे घराण्यांच्या भिंतींआड असे. ह्या शाळेत ते फळ्यावर स्वरलिपीने लिहून शिकविले जाऊ लागले. मौलाबक्षांचे नातू इनायत खाँ हे १८८२ साली बडोद्यातच जन्मले. १९१० साली ते परदेशी गेले आणि सूफी विचार व हिंदुस्थानी संगीत त्यांनी अमेरिकेत व युरोपात पोहोचविले. आग्रा घराण्याचे फैयाज खाँ हे बडोद्याचे दरबारगायक. १९५० साली त्यांचा देह येथेच पडला.

सयाजीरावांच्या पहिल्या राणी चिमणाबाई ह्या तंजावरच्या. १८८० साली विवाह होऊन त्या आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर भरतनाट्य जाणणाऱ्या नर्तकी, त्यांचे नट्टुवनार आणि वादकही आले. कावेरीकाठचे नृत्य विश्वामित्रीकाठी आले ते एका मराठी मुलीच्या लग्नाच्या वऱ्हाडाबरोबर.

रावपुऱ्याकडे जुम्मादादा व्यायाममंदिर आहे. जुम्मादादा हे मुसलमान मल्ल; त्यांचे पट्टशिष्य राजरत्न माणिकराव हे मराठी. शिष्याने संस्थेस गुरूचे नाव दिले आणि आखाडा वाढविला. बाहेरची पाटी वाचताना ह्या नावाची गोष्ट समजून घेतली, तर गुरुभक्तीवरील निबंधास निराळे उदाहरण शोधावे लागणार नाही.

दांडिया बाजारातच श्री अरविंद राहत होते. १८९३ ते १९०६ ह्या काळात ते बडोदे सरकारच्या नोकरीत होते. येथून पश्चिमेस गेल्यावर १९३६ साली उभारलेले कीर्तिमंदिर लागते. गायकवाडांच्या पूर्वजांचे हे स्मारक. परंतु त्याच्या भिंतींवर गंगावतरण, मीराबाईचे जीवन, महाभारतातील युद्ध ही चित्रे रंगविली ती बंगालच्या नंदलाल बसूंनी. अशा नगराचा कारभार कोणत्या भाषेत चालवावा, हा प्रश्न सयाजीरावांपुढेही होता. राज्यकारभाराच्या शब्दांचा 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा कोश त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध करविला. त्यात एकेका शब्दाचे प्रतिशब्द आठ भाषांत दिले आहेत. मराठीचाही येथे मान होता. १९०९, १९२१ आणि १९३४ ह्या तीन साली मराठी साहित्यसंमेलने बडोद्यास भरली.

आलेल्यांची ही रांग तेथेच थांबली नाही. १९४७ च्या फाळणीनंतर घरेदारे सोडून आलेली सिंधी कुटुंबे वारसिया भागात वसली. १९४९ साली महाराजा सयाजीराव विश्वविद्यालय स्थापन झाले. त्याच्या ललितकला विभागात मूळचे इंदूरचे मराठी चित्रकार ना. श्री. बेंद्रे आणि बंगालचे शंखो चौधुरी यांनी अध्यापन केले.

ज्याला जागा मिळाली नाही

येथवरची कथा मोठी सुखद आहे. दावडीचे शिलेदार, उत्तरेचे गवई, तंजावरच्या नर्तकी, बंगालचे चित्रकार ह्या सर्वांस ह्या नगराने जागा दिली. परंतु नगरफेरी येथेच संपविली तर ती अर्धवट राहील. कीर्तिमंदिरावरून विश्वामित्री ओलांडून, काळ्या घोड्यावरून सयाजीबागेत यावे. ही बाग १८७९ साली सुरू झाली. कामाटीबाग हे तिचे दुसरे नाव.

१९१३ साली बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन एक तरुण अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात शिकावयास गेला. करारानुसार संस्थानची नोकरी करण्यासाठी १९१७ च्या सप्टेंबरात तो बडोद्यास आला. त्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर. परदेशातील उच्च शिक्षण पदरी होते, सरकारी हुद्दा होता, स्वतः महाराजांची कृपादृष्टी होती. परंतु राहावयास जागा मिळेना. अस्पृश्यास कोणतेही हॉटेल घेत नव्हते. शेवटी पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून त्यांना राहावे लागले. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले काही लोक आले आणि त्यांनी त्यांस सायंकाळपर्यंत जागा सोडण्यास फर्माविले. त्यांनी आपल्या दोन मित्रांस विचारून पाहिले. त्यांतील एक हिंदू होता, दुसरा ख्रिस्ती. दोघांनीही घरात घेण्याची अडचण सांगितली. तेव्हा मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंत ते कामाटीबागेत जाऊन बसले. बागेतील त्या जागेस आज संकल्पभूमी म्हणतात, आणि दरवर्षी २३ सप्टेंबरला तेथे हजारो लोक जमतात.

मुलांनो, ह्या प्रसंगात कोणा एका समाजास दोष देऊन मोकळे होता येत नाही. पारशी, हिंदू, ख्रिस्ती ह्या तिघांच्याही दारांची कडी आतून लागलेली होती. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळा काढणारा आणि १९०६ साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे करणारा राजा गादीवर होता. तरीही एका विद्वानास नगरात एक खोली मिळाली नाही. ह्यावरून एक गोष्ट निश्चित समजते : हुकुमाने शाळा उघडते, पण घराचे दार घरातील माणसानेच उघडावे लागते. मांडवीपासून आपण जे जे पाहिले, ते सर्व कोणीतरी दार उघडले म्हणून झाले. येथे दार उघडले गेले नाही. त्यामुळे बडोद्याने काय गमावले, ह्याचा विचार प्रत्येकाने आपल्या मनाशी करावा.

बागेतच बडोद्याचे संग्रहालय आहे. १९५१ साली अकोट्यास सापडलेल्या प्राचीन जैन ब्राँझ मूर्ती तेथे पाहावयास मिळतात. ज्या लोकांनी त्या घडविल्या त्यांचे गाव लयास गेले; त्यांच्या मूर्ती आपण सांभाळीत आहोत. येथे नगरफेरी पुरी करावी.

फेरीनंतरचा अभ्यास

एवढा मार्ग एका सकाळी घाईघाईने उरकण्यापेक्षा दोन रविवारी पाहावा. पहिल्या दिवशी मांडवी ते सुरसागर, दुसऱ्या दिवशी दांडिया बाजार ते सयाजीबाग. घरी आल्यावर पुढील अभ्यास करावा.

पहिला : आपण चाललेल्या मार्गाचा नकाशा काढून प्रत्येक ठिकाणाशेजारी 'कोण, कोठून, कशासाठी' हे एका ओळीत लिहावे.

दुसरा : आपल्या बोलण्यातील दहा गुजराती शब्द आणि एखाद्या गुजराती मित्राच्या बोलण्यातील दहा मराठी शब्द गोळा करावेत. शब्दही नगरात आलेले पाहुणेच असतात.

तिसरा : घरातील सर्वांत वडील माणसास विचारावे, "आजोबा, आपले कुटुंब बडोद्यास प्रथम कोण घेऊन आले? आणि आल्यावर पहिली रात्र कोणाच्या घरी काढली?" उत्तर वहीत त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. ज्यांच्या घरी ही आठवण शिल्लक नसेल त्यांनी शेजारच्या घरी विचारावे. शेजारी जर वेगळ्या भाषेचा वा वेगळ्या धर्माचा असेल तर अधिकच चांगले. कारण त्या निमित्ताने त्याच्या ओट्यावर बसणे होईल.

ह्या वह्या वर्गात एकत्र वाचल्या, तर चाळीस मुलांच्या चाळीस घरांतून ह्या नगराचा असा इतिहास तयार होईल, जो अद्याप कोणत्याही ग्रंथालयात नाही. आणि पुढे कधी आपल्या गल्लीत एखादे नवे कुटुंब सामान घेऊन खोली शोधीत आले, तर आपल्या घराचा इतिहास वाचलेल्या मुलास त्यांना काय उत्तर द्यावे हे कोणी शिकवावे लागणार नाही.